शिंग उचलण्याचा मुहूर्त

यलोस्टोन बघायला निघालेले प्रवासी वाटेत वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन गावी हमखास थांबतात आणि तिथल्या चौकात फोटो काढतात. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर कमानी आहेत. त्या दगडाच्याही नाहीत आणि लाकडाच्याही नाहीत, एकमेकांत गुंतवलेल्या शिंगांच्या आहेत. एका कमानीला सुमारे दोन हजार शिंगं लागतात. पहिली कमान १९५३ साली उभी राहिली. बघणाऱ्याच्या मनात आधी हिशेब येतो तो मेलेल्या जनावरांचा: एवढ्या शिंगांसाठी किती जीव गेले असतील? त्यासाठी एकही जनावर मारावं लागलेलं नाही. एल्क नावाच्या मोठ्या हरणांनी आपणहून टाकून दिलेली ही शिंगं आहेत.

हरणांची शिंगं आणि गाईम्हशींची शिंगं यांत मूळचा फरक आहे. गाय, गवा, काळवीट, चिंकारा, नीलगाय यांचं शिंग बाहेरून पोकळ खोळीसारखं, आत हाडाचा गाभा. ते जन्मभर वाढतं, तुटलं तर पुन्हा येत नाही. एल्क, सांबर, चितळ, बारशिंगा यांचं शिंग भरीव हाडाचं असतं आणि दरवर्षी गळून पडतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त वाहतं. भर उन्हाळ्यात एल्कचं शिंग दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. सस्तन प्राण्यांच्या हाडांत हरणांच्या शिंगांएवढ्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. माजाचे दिवस सरले की नराच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं, कवटीला शिंग जिथे जोडलेलं असतं तिथलं हाड विरघळू लागतं आणि एक दिवस शिंग खाली पडतं. म्यूल डिअर नावाच्या हरणाची शिंगं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये गळतात, एल्कची मार्च-एप्रिलमध्ये. मोठ्या एल्कच्या जोडीचं वजन दहा-पंधरा किलो भरतं.

गळालेल्या शिंगाचं बूड हातात घेऊन पाहिलं तर ते किंचित फुगीर, खरबरीत आणि फिकट दिसतं, भोवती गाठीगाठींची कडा असते. मारलेल्या जनावराचं शिंग कापून काढलं तर तिथे सपाट कापाची खूण दिसते किंवा कवटीचा तुकडा चिकटून येतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

तर जनावराने टाकलेलं, त्याला आता नको असलेलं हाड कुणी उचललं, तर त्यात कुणाचं काय गेलं? अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या डोंगराळ राज्यांत ही हौस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कुटुंबच्या कुटुंब वसंतात टेकड्यांवर जायचं, पोरांना शिंग सापडलं की कौतुक व्हायचं, घराच्या ओसरीवर ढीग लागायचा. मग बाजार आला. शिंगांची झुंबरं, सुऱ्यांच्या मुठी, बटणं तर आधीपासून होतीच. त्यात कुत्र्यांना चघळायला शिंगाचे तुकडे विकण्याचा धंदा जोरात वाढला. हाड खाल्लं की फुटून टोचतं, शिंग सहसा तसं फुटत नाही, म्हणून शहरातले श्वानप्रेमी त्याला चांगला पैसा मोजतात. ताज्या तपकिरी शिंगाला किलोमागे ३० डॉलरच्या वर भाव मिळू लागला. उन्हात पांढरं पडून भेगा गेलेल्या शिंगाला भाव कमी. म्हणजे जो आधी पोचेल त्याला ताजा माल आणि जादा पैसे. शिंगांचा वास काढायला शिकवलेली कुत्री आली, चार चाकांच्या दणकट मोटारसायकली आल्या, दुर्बिणी आल्या. काही महाभाग तर नराचं अजून डोक्यावर असलेलं शिंग अडकून निघावं म्हणून चाऱ्याभोवती जाळ्या-तारा लावू लागले. त्यात जनावर गुरफटून मरतं.

घोटाळा आहे तो तारखांचा. शिंगं गळतात ते दिवस आणि हरणांचे सगळ्यात वाईट दिवस एकच.

रॉकी पर्वतातल्या हिवाळ्याची कल्पना महाराष्ट्रात बसून येणं कठीण आहे. हरणं उन्हाळ्यात उंचावरच्या कुरणांवर चरतात आणि बर्फ पडू लागलं की खाली उतरतात. वायोमिंगमधल्या म्यूल डिअरचा एक कळप रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे २४० किलोमीटर चालत जातो. हॉल सॉयर या जीवशास्त्रज्ञाने रेडिओ पट्ट्यांच्या मदतीने हा मार्ग शोधून काढला. खाली उतरलेली हरणं दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारांवर गोळा होतात, कारण तिथे ऊन लागतं आणि बर्फ कमी साठतं. खायला काय, तर मुख्यतः सेजब्रशची कडवट झुडपं. त्यातून मिळतं त्यापेक्षा शरीर ऊबेसाठी जाळतं ते जास्त. उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर हरीण वसंतापर्यंतचा काळ ढकलतं. त्याच्याजवळचा तेवढाच शिधा, वाढवायचा काही मार्ग नाही. म्हणून ते फारसं हलत नाही, बसून राहतं. त्यातच मादी गाभण असते आणि गर्भाची मोठी वाढ शेवटच्या महिन्यांत, म्हणजे नेमकी चरबी संपत आल्यावर होते.

अशा उतारावर मार्चच्या सकाळी एक माणूस येतो. त्याच्या मनात वाईट काहीच नाही. तो झुडपांखाली बघत सावकाश वर चढतोय, बरोबर कुत्रं आहे. दोनशे मीटरवरून हरणांनी मान वर केली. त्यांच्या काळजाचे ठोके आत्ताच वाढलेत, त्यांची ऊर्जा खर्च होऊ लागली आहे; माणसाला मात्र वाटतं की ती शांत उभी आहेत. मग कुत्रं पुढे धावतं आणि कळप उठून धारेपलीकडे जातो, सावलीतल्या बाजूला, जिथे बर्फ छातीपर्यंत आहे. खोल बर्फात चालायला कोरड्या जमिनीपेक्षा कितीतरी पट ताकद लागते. माणसाला त्या दिवशी एकही शिंग मिळत नाही आणि तो जेवायला घरी जातो. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरा माणूस येतो. हरीण डोळ्यांदेखत कोसळलं तर कुणालाही समजेल. इथे ते तीन आठवड्यांनी कुठल्याशा ओहोळात मरतं आणि त्याचा संबंध त्या सकाळशी कुणी जोडत नाही. या हौसेतली नैतिक अडचण इथेच आहे. गुन्हा दिसत नाही, आणि करणाऱ्यालाही तो केल्यासारखा वाटत नाही.

ओरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात संशोधकांनी एल्कना पट्ट्या बांधून पाहिलं की माणसांच्या कुठल्या वावराने ते किती दूर सरकतात. चार चाकांच्या मोटारसायकलींना ते सगळ्यात जास्त बिचकले, त्याखालोखाल डोंगरी सायकलींना. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांचा त्रास त्या मानाने कमी, पण होताच. टीटन पर्वतात शंभर-सव्वाशे रानमेंढ्यांचा एक कळप उरला आहे. खाली उतरण्याच्या त्यांच्या जुन्या वाटा वस्तीने अडवल्या, त्यामुळे त्या हिवाळाभर वाऱ्याने बर्फ उडवलेल्या उंच धारांवरच राहतात. नेमक्या त्याच धारा स्कीइंग करणाऱ्यांना आवडतात. अभ्यासात दिसलं की स्कीवाले जातात ती चांगली जागाही मेंढ्या सोडून देतात. म्हणून ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात काही शिखरांचा भाग डिसेंबर ते एप्रिल माणसांना बंद असतो. स्वित्झर्लंडमध्येही हिवाळ्यात असे ‘शांतता विभाग’ नकाशावर आखलेले असतात.

शिंगं गोळा करणाऱ्यांना आधी विनवण्या करून झाल्या. पत्रकं वाटली, पाट्या लावल्या. पण विनवणी ऐकणारा मे महिन्यापर्यंत थांबायचा आणि न ऐकणारा फेब्रुवारीतच ताजा माल घेऊन जायचा. भला माणूस मूर्ख ठरायचा. शेवटी राज्यांनी कायदा केला. वायोमिंगने २००९ पासून राज्याच्या पश्चिम भागातल्या सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं उचलायला बंदी घातली. कोलोरॅडोने २०१८ मध्ये राज्याच्या पश्चिमेकडल्या भागासाठी याच तारखा ठरवल्या. त्यामागचं एक कारण असं होतं की शेजारच्या राज्यात बंदी आली की तिथले शिंगवाले इकडे यायचे. यूटाने वेगळा मार्ग धरला: हिवाळी हंगामात शिंगं गोळा करायची असतील तर आधी संगणकावर एक फुकट नीतिपाठ वाचून प्रमाणपत्र घ्यायचं. हा पाठ लोक किती मनापासून वाचतात कोण जाणे, पण एखादा वन अधिकारी समोर आला तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय तरी उरत नाही.

२०२२-२३ चा हिवाळा भयंकर होता. बर्फ लवकर पडलं, त्यावर कडक कवच चढलं आणि ते वितळायला तयार होईना. वायोमिंग रेंज भागातल्या म्यूल डिअरचा अभ्यास वायोमिंग विद्यापीठाचे केव्हिन मॉन्टीथ आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं करत आले आहेत. त्या हिवाळ्यात त्यांनी पट्टा बांधलेल्या प्रौढ माद्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मेल्या आणि पट्टा बांधलेलं पाडस तर एकही वाचलं नाही. ही हरणं शिंगवाल्यांमुळे मेली असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. त्यांना थंडीने आणि उपासमारीने मारलं. पण कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या कळपाला हलवायचं नसतं, एवढं त्या वर्षी सगळ्यांना कळलं. यूटाने फेब्रुवारीतच राज्यभर शिंगं गोळा करणं एप्रिलअखेरपर्यंत बंद केलं. वायोमिंगनेही काही भागांत मे महिन्यातली तारीख आणखी पुढे ढकलली.

आता १ मे या तारखेचीही एक गंमत झाली आहे. जॅक्सनमध्ये त्याच्या आधीच जत्रेच्या मैदानात गाड्यांची रांग लागते, काही जण घोडे घेऊन येतात, आणि ठरल्या वेळी पोलिसांच्या देखरेखीत हा ताफा जंगलाकडे निघतो. चार महिने दबलेली सगळी हाव एका सकाळी मोकळी सुटते. मोन्टानातल्या काही वन्यजीव क्षेत्रांत असाच प्रकार १५ मे रोजी भर दुपारी बारा वाजता होतो. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की वायोमिंगने नवा नियम केला: २०२४ पासून स्थानिकांना १ मे आणि बाहेरच्यांना ८ मे, शिवाय बाहेरच्यांनी संवर्धन शुल्काचं तिकीट घ्यायचं. ही झुंबड काही देखणी नाही. तरी मार्चमध्ये रोज चार-पाच माणसांनी कळप उठवण्यापेक्षा मे महिन्यात एकाच दिवशी हजार माणसांनी धुमाकूळ घातलेला बरा. तोवर बर्फ वितळून हिरवं गवत आलेलं असतं, हरणं वर निघालेली असतात आणि त्यांना धावणं परवडतं.

जॅक्सनच्या शेजारीच याहून नीटनेटकी व्यवस्था आहे. गावालगत नॅशनल एल्क रिफ्यूज हा सुमारे १०,००० हेक्टरचा राखीव प्रदेश आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले एल्क हिवाळ्यात हजारोंनी उपाशी मरत होते, कारण त्यांच्या हिवाळी कुरणांवर गोठे आणि वस्ती आली होती. शिवाय एल्कच्या सुळ्यांचे दागिने ‘एल्क’ नावाच्या एका बंधुमंडळाच्या सदस्यांत मिरवले जायचे, तेवढ्यासाठी जनावरं मारून धड तिथेच टाकणारे शिकारीही होते. स्टीफन लीक या स्थानिक पशुपालकाने उपाशी एल्कचे फोटो काढून देशभर दाखवले आणि १९१२ साली हे आश्रयस्थान स्थापन झालं. आज तिथे हिवाळ्यात हजारो एल्क उतरतात. त्यांना चारा घालावा की नाही, यावर अजून वाद आहे, कारण एकाच जागी दाटीवाटीने जमलेल्या कळपात रोग पसरण्याची भीती असते. या प्रदेशातून सामान्य माणसाला शिंग उचलायला बंदी आहे. एल्क निघून गेल्यावर तिथली बालवीर मुलं परवाना घेऊन शिंगं गोळा करतात आणि मे महिन्यात जॅक्सनच्या चौकात त्यांचा लिलाव होतो. १९६८ पासून हा लिलाव चालू आहे आणि मिळकतीचा मोठा वाटा पुन्हा त्याच कुरणांच्या देखभालीवर खर्च होतो. रात्री अंधारात कुंपण ओलांडून शिंगं चोरणारे पकडले जातात, तो भाग वेगळा.

गळालेलं शिंग कुणाचं, या प्रश्नाला प्रत्येक देशाचं उत्तर निराळं आहे. पश्चिम अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर ते सापडेल त्याचं, फक्त तारीख पाळायची. राष्ट्रीय उद्यानांत मात्र कुणाचंच नाही, जिथे पडलं तिथेच राहतं. यलोस्टोनमधून शिंग खिशात घालून आणणं गुन्हा आहे. जर्मनीत शिकारीचा कायदा गळालेल्या शिंगांवरही त्या भागाच्या शिकारहक्कधारकाचाच हक्क सांगतो. तिथे जंगलात फिरायला गेलेल्या माणसाने शिंग उचललं तर ती चोरटी शिकार ठरू शकते.

आणि भारतात ते सरकारचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंगाचा समावेश ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत आहे, आणि कलम ३९ प्रमाणे अशी वस्तू सरकारी मालमत्ता असते. ती कुठल्याही मार्गाने हातात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोरपिसाला याच कायद्याने देशांतर्गत व्यापारात सूट दिली. शिंगाला ती नाही. याला इतिहास आहे. भारतातलं सांबरशिंग जाड आणि घट्ट, म्हणून शेफील्ड आणि सोलिंगेनच्या सुऱ्या बनवणाऱ्यांना मुठींसाठी तेच हवं असायचं. गळालेल्या शिंगांच्या नावाखाली मारलेल्या सांबरांची शिंगंही विकली जाऊ शकतात, ही धास्ती होती. अख्खं शिंग असेल तर बुडाची खूण बघून ओळखता येतं. तुकडे केले, मूठ घडवली, भस्म केलं की कसली खूण आणि कसलं काय. त्यामुळे इथे सरकारने तारीख ठरवली नाही, सरसकट दार लावून घेतलं. आपल्या जंगलांचा विचार करता ते बरोबरच आहे. वायोमिंगमध्ये शिंगाच्या बाजारामुळे हरणाला धाप लागते. इथे बाजार उघडला असता तर हरीणच गेलं असतं.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत मात्र सांबरशिंग अजून सापडतं. गालगुंड झालं, सांधा सुजला की ते सहाणेवर पाण्यात उगाळून लेप लावायचा, हे आजीबाईंचं ठरलेलं औषध. आयुर्वेदात शृंगभस्मही आहे. वाड्यांच्या दिवाणखान्यांत, जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत शिंगं टांगलेली दिसतात. अशा जुन्या वस्तू जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घेण्यासाठी २००३ साली केंद्र सरकारने १८० दिवसांची मुदत दिली होती. कित्येक घरांना तिचा पत्ताच नव्हता.

जंगलातही गळालेलं शिंग वाया जात नाही. सायाळ ते कुरतडते, उंदीर-खारी कुरतडतात, कधी हरणंही हाडं आणि शिंगं चघळताना दिसतात, कारण त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यांना हवं असतं. सायाळीच्या दातांच्या रेघा पडलेलं शिंग मेळघाटात किंवा नागझिऱ्यात वाटेवर दिसलं तर समजावं की ते अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतंय.

विदर्भात हरणांचा कसोटीचा काळ हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात असतो. पारा ४५ अंशांवर जातो, ओढे आटतात, चितळ-सांबरं उरलेल्या पाणवठ्यांभोवती फिरतात. पाणवठ्यापाशी जिप्सींची रांग लावून वाघाची वाट बघत बसलं की तहानलेलं सांबर झाडीत उभं राहतं, पाण्याकडे येत नाही. ते कुणी मोजत नाही. वायोमिंगच्या बर्फात उठवलेला कळप आणि ताडोबाच्या उन्हात थांबवलेलं सांबर, दोघांचं दुखणं एकच आहे. मराठी छायाचित्रकार आता हिमबिबट्यासाठी ऐन फेब्रुवारीत लडाख आणि स्पितीलाही जातात. तिथल्या उतारांवरचे आयबेक्स आणि भरल हीसुद्धा त्या दिवसांत साठवलेल्या चरबीवरच जगत असतात, हे गटप्रमुखांनी मंडळींना आधीच सांगितलेलं बरं.

डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, सिअ‍ॅटल भागात राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीत या डोंगरांत जातात, मुलांना शिंग दिसलं की उचलावंसं वाटतंच. त्यांनी आधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर तारखा बघाव्यात, कारण त्या राज्याराज्यांत वेगळ्या असतात आणि वर्षागणिक बदलतात. राष्ट्रीय उद्यानात हात लावू नये. हिवाळ्यात उतारावर हरणांचा कळप बसलेला दिसला तर वाट बदलावी, कुत्रं साखळीला असावं. आणि सुट्टीला भारतात येताना कुणासाठी भेट म्हणून शिंगाची वस्तू बॅगेत टाकू नये. विमानतळावर ते शिंग गळालेलं होतं की कापलेलं, हे सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ शकते.